चार घरं वर

माझी थोरली बहीण लाँड्रीत इस्त्री करते. एकोणतीस वर्षं झाली. मनगट सुजतं, पाय भरून येतात, पण इस्त्री फिरवताना ती गुणगुणली नाही असा दिवस गेला नव्हता. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, शर्ट मागाहून द्या, आधी कडवं पुरं करा."

मी धाकटा. समारंभांत सिंथेसायझर वाजवतो आणि घरात सगळ्यांना अक्कल शिकवतो.

यंदा एका मोठ्या गायकवृंदाने नवे आवाज मागवले. वयाची अट पन्नास, म्हणजे ताईला हे शेवटचं वर्ष. एक गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. सहा महिने तिने ते घोटलं. साथीला अर्थातच मी.

आता माझी खोड सांगतो. माझी बोटं फक्त पांढरी एक पट्टीत सुरळीत चालतात. गायकाची पट्टी वेगळी असली की मी बोटं नाही बदलत, घुंड्या फिरवतो. माझ्या जुन्या यंत्रात मूळ सूर काढणारे दोन ऑसिलेटर आहेत आणि प्रत्येकाला दोन घुंड्या. एक सप्तकाची, तिच्यावर सोळा, आठ, चार असे आकडे. आठवरून सोळावर नेली की सा तोच, फक्त एक सप्तक खाली. दुसरी पट्टीची. ती एकेक घर, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या सुराने, सरकते आणि सा-च बदलून टाकते.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी एका कोवळ्या आवाजाच्या मुलीसाठी मी दोन्ही पट्ट्या चार घरं वर चढवल्या होत्या आणि तशाच सोडल्या. ताई आली तेव्हा भारदस्त वाटावं म्हणून सप्तक तेवढं सोळावर आणलं. त्या खर्जात पट्टी चढलेली माझ्या कानाला कळलीच नाही. कान कसले, भोकं नुसती!

अस्ताई कशीबशी झाली. अंतऱ्यात ताईचा आवाज चिरकला.

"थोडं वर वाटतंय का रे?" तिने हळूच विचारलं.

"सोळावर आहे! आणखी खाली कुठे नेऊ, तळघरात?"

पुन्हा गायली, पुन्हा चिरकली. चौथ्यांदा माझं डोकं फिरलं. रेकॉर्डिंगवाला आणि ताईची मुलगी समोर असताना मी ओरडलो, "आवाज फाटलाय तुझा! सोड आता हे, जा, इस्त्री कर!"

ताई हसली. पर्स उचलली, लेकीला म्हणाली, "चल गं." पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी संपली.

आठवड्याने दुसरा गायक आला आणि पहिल्याच ओळीला थांबला. "अहो, गळा कापताय का माझा?" मी पट्टीच्या घुंड्या पाहिल्या. दोन्ही अजून चार घरं वर.

तडक लाँड्रीत गेलो. ताई मान खाली घालून इस्त्री करत होती. गाणं नव्हतं. मालक म्हणाला, आठ दिवस अशीच आहे, गप्प.

"ताई, त्या दिवशी मशीन बिघडलं होतं," मी म्हणालो. हो, असंच म्हणालो.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे माझा आवाज नाही ना गेला? अरे, मग एवढंसं तोंड कशाला करतोस? यंत्रच ते, तू तरी काय करणार बाबा!"

ती माझीच समजूत काढायला लागली, तेव्हा मात्र राहवेना. "बिघडलं नव्हतं गं. मीच पट्टी उतरवायला विसरलो."

तिने इस्त्री उभी केली.

"बोललास ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "हेही त्यांच्यासमोर सांगशील?"

"सांगेन की."

त्याला महिना झाला. भाची मला टाळते, मी तिला. काल रेकॉर्डिंगवाला भेटला. चहा प्यायलो, गप्पा झाल्या. निघताना त्याने आपणहून विचारलं, "तुमच्या ताई गातात का हो अजून? वाईट वाटलं बुवा, आवाजच गेला त्यांचा."

मी म्हणालो, "वय झालं आता तिचं."