मागे फिरलेला मोर्चा

आमच्या शेजारचे फौजी आबा भाजी आणायलाही बूट चमकवून जातात. आपल्या भागाचं लष्करी मुख्यालय लांब हलवणार, अशी बातमी धुळ्यात पसरल्यापासून ते रोज फाटकाशी उभे राहून मला एकच विचारतात, “हेडक्वार्टर गयं, तं आपलाले कोन इचारी, भाऊ?” पेन्शनची अडचण असो की दवाखान्याची, त्यांची सगळी धाव तिथवरच.

परवा माजी सैनिकांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. आबा सगळ्यांच्या पुढे होते. घोषणा द्यायला त्यांचा आवाज फुटत नव्हता, पण मागची रांग मात्र दोरीसारखी सरळ होती. दारावरचा पोलीस कंटाळलेल्या सुरात म्हणाला, “चला, मागे फिरा.”

आबांनी टाच आपटली आणि ते वळले. त्यांच्यामागे अख्खी रांग वळली आणि पावलाला पाऊल जुळवत निघून गेली. मागणी कुणी मांडलीच नाही.

संध्याकाळी आबा फाटकाशी दिसले नाहीत, म्हणून मीच गेलो. ओट्यावर बसून ते बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, “हुकूम व्हता ना, भाऊ.”

मुख्यालय हलेल तेही हुकमानंच, असं माझ्या मनात आलं. मी त्यांचा दुसरा बूट उचलला आणि फडक्यानं पुसायला घेतला.