वीसपर्यंत मोजा

कचेऱ्यांमध्ये तिचं नाव पडलं होतं तक्रारबाई. धंदा शिवणकामाचा, पण मशीनपेक्षा साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकांवरच तिची जास्त वर्षं गेली. सगळं बापूसाठी. बापू तिचा धाकटा भाऊ, पंचेचाळिशीचा, तिच्याच दुकानात बटणं लावायचा. त्याने लावलेलं बटण तुटून परत आलं असं कधी झालं नाही. फक्त उत्तर द्यायला त्याला वेळ लागायचा. लोकांना तेवढा दम निघत नाही, ते त्याला खुळा ठरवून मोकळे होतात.

म्हणून अशा माणसांच्या घरच्यांसाठी भरणाऱ्या सभांतून ती एकच गोष्ट घोकून घ्यायची. विचारा, मग मनात वीसपर्यंत मोजा, मधे तोंड घालू नका. आईबापांना, मास्तरांना, डॉक्टरांनासुद्धा तिने हे खडसावून सांगितलं होतं.

आणि त्यांच्या थोरल्या भावाने कचेरीत अर्ज केला. बापूला काही कळत नाही, त्याला संस्थेत ठेवावं, त्याचे निर्णय घ्यायचा हक्क मला द्यावा. वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्याला भावाचा असा पुळका आला होता. तिने हेलपाटे घालून एवढंच पदरात पाडून घेतलं, की साहेब आधी बापूलाच विचारतील. तो स्वतः बोलला तर अर्ज फेटाळला जाणार होता.

साहेब भला निघाला, हेच जास्त मनाला लागतं. खुर्ची पुढे ओढून त्याने सावकाश विचारलं, "बापू, तुम्हाला कुठे राहायचंय?"

बापू शर्टाचं बटण चाचपू लागला. ती मोजू लागली. आठ, नऊ. थोरल्याने घड्याळ पाहिलं आणि हसला. बारा. तेरा.

"माझ्याकडे, साहेब. माझ्याकडेच राहायचंय त्याला," ती बोलून गेली.

बापूने तिच्याकडे पाहिलं आणि उघडू लागलेलं तोंड मिटलं. ताई बोलली की आपण गप्प बसायचं, हे तो घरातच शिकला होता. साहेबाने आणखी दोनदा विचारलं. मग नाइलाजाने लिहिलं, 'स्वतः उत्तर देत नाही, बहीण बोलते.' अर्ज मंजूर झाला.

जिन्यात बापू थांबला. "दुकानाच्या मागच्या खोलीत," तो म्हणाला. "एकटा."

जगाला विचारायला शिकवणाऱ्या बाईने हे त्याला कधी विचारलंच नव्हतं. स्वतःची भयंकर चीड आली तिला. त्याचा हात धरून ती तशीच धावत वर गेली. दार बंद झालं होतं, आत पुढच्यांची सुनावणी चालू होती. शिपायाने तिला अडवलं, आवाज न चढवता.

"त्याचं म्हणणं नोंदवलंय बाई. मघाशी तुम्हीच सांगितलंत की."