नवे पुढं, जुने मागं

आमचे हे, खंडेराव, आयुष्यभर एसटीचे ड्रायव्हर. बहुतेक येवल्याची नाहीतर मनमाडची गाडी. एकदाही अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला देव्हाऱ्याशेजारी खुंटीला असतो. दिवाळीला मी समई घासते, हे बिल्ला घासतात. माणूस चांगला, पण हेकट. आणि स्टिअरिंग हातात आलं की मुका.

माझं माहेर येवला, म्हणजे ह्यांच्याच गाडीनं किती वेळा गेले असेन. पण बसायचं कुठं? तिसऱ्या रांगेत. समोर पाटी, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' एकदा निफाडजवळ पुढं जाऊन म्हटलं, "अहो, मळमळतंय." ह्यांनी कंडक्टरला खूण केली, माझ्याकडं मान वळवली नाही. मला इतका राग आला होता, की माहेरी चार दिवस जास्त राहिले.

हे रिटायर झाले आणि आमच्या अश्विनला कंपनीनं जर्मनीला धाडलं. जाताना त्याची लाल गाडी आमच्या नाशिकच्या हिरावाडीतल्या बंगलीसमोर ठेवून गेला. स्पोर्ट्स कार, सेकंडहँड, दोनच सीट. "बाबा, अधूनमधून फिरवत जा, उभ्या गाडीचे टायर मरतात." फिरवायची म्हणजे शेजारी कोणीतरी हवंच ना? मी बसले. खाली पाटावर बसल्यासारखं बसावं लागतं, उठताना गुडघे देवाचं नाव घ्यायला लावतात. पण ह्यांच्या शेजारी! अख्ख्या संसारात पहिल्यांदा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बोलत मात्र हे तिथंही नव्हते, आणि जुन्या सवयीनं मीही नाही.

मग टायर गेले. पुढचे कडेनं झिजून तार दिसायला लागली. अश्विन फोनवर म्हणाला, "राहू दे बाबा, गाडी विकूनच टाकू." गाडी गेली की हे परत ओट्यावर पेपर घेऊन आणि मी परत गॅसपुढं. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. हे म्हणाले, "मी बघतो टायरचं."

द्वारकेजवळ ज्ञानेशचं टायरचं दुकान आहे. ओळखीचा पोरगा. त्यानं वाकून चारही टायर बघितले आणि म्हणाला, "बाबा, ह्याचं पुढचं माप वेगळं, मागचं वेगळं. मागचे रुंद आहेत. पुढचे माझ्याकडं आहेत, मागचे मुंबईहून मागवावे लागतील. का चारही एकाच मापाचे टाकू?"

"अजिबात नाही," हे कडाडले. "दाराच्या पट्टीवर कंपनीनं माप लिहिलंय, तेच टाकायचं. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून कोणी पळतं का?"

इथवर सगळं बरोबर होतं. ज्ञानेश म्हणाला, "मग पुढचे बसवतो, पण मागचे येईपर्यंत गाडी लांब काढू नका. मागच्या टायरला नक्षी दिसते, पण रबर दगड झालंय. नख रुतत नाही बघा."

हे हसले. "अरे, एसटीत नवा टायर पुढं, जुन्यावर रबर चढवलेला रिमोल्ड मागं. सगळी हयात रिमोल्डवर माणसं नेली."

"बाबा, तुमच्या एसटीला मागं चार टायर होते. ह्याला दोनच आहेत, आणि इंजिनाचा सगळा जोर त्यांच्यावरच."

ऐकतील तर ते खंडेराव कसले!

रविवारी येवल्याला माझ्या भाचीचा, चैतालीचा साखरपुडा होता. मी पैठणी नेसून शेजारी बसले. विंचूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलेलं. पुढं कांद्याचा ट्रॅक्टर. ह्यांनी त्याला मागं टाकलं, वळणावर जरा पाय दाबला आणि गाडीचा मागचा भाग निसटला. शेत, ट्रॅक्टर, आभाळ, सगळं माझ्यासमोरून फिरलं. गाडी थांबली तेव्हा तोंड नाशिककडं होतं. मी दोन्ही हातांनी पदर धरून बसले होते, तोंडातून शब्द नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला. आम्ही धड आहोत हे बघितल्यावर म्हणाला, "बाबा, येवला तिकडं हाय!"

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ह्यांनी सावकाश गाडी विंचूरच्या पंपावर लावली आणि आम्ही एसटीनं साखरपुडा गाठला. हे सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर मला वाटलं, आता हे गप्प बसणार. कुणी पाहिलंय? पण गाडीला ओरखडा जरी आला तरी डेपोत जाऊन सांगायची ह्यांची रीत. त्यांनी अश्विनला फोन लावला. "गाडी फिरली. चूक माझी. नवे मागं हवे होते. तू विक गाडी." आणि उठून खुंटीवरचा बिल्ला काढला.

मग मात्र माझं टाळकं सरकलं. फोन हिसकावला. "अश्विन, गाडी विकायची नाही! मागचे टायर येतायत. आणि अहो, तो बिल्ला आधी जागेवर लावा. एसटीतला आहे तो, त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

अश्विन हसायला लागला. ह्यांनी बिल्ला मुकाट्यानं परत लावला.

टायर आले. ज्ञानेशनं बसवले आणि एका शब्दानं टोमणा मारला नाही, पोरगं गुणाचं आहे. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा येवल्याला निघालो. विंचूरच्या त्या वळणाअलीकडं ह्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"सविता," हे म्हणाले. नावानं हाक कधी मारत नाहीत. "त्या दिवशी गाडी फिरली, तू ओरडली का नाहीस?"

"गाडी चालू होती ना," मी म्हटलं. "चालू असताना चालकाशी बोलू नये."

हे माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवलंही नाही.

"इथं पाटी नाही," हे म्हणाले. "बोल."

त्यांनी गाडी चालू केली. मी निफाडच्या मळमळीपासून सुरुवात केली, ते येवला आलं तरी माझं बोलणं संपलं नव्हतं.