ताईच्या पेशी

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. तिचं काम एकच, पेशी सांभाळायच्या. उबदार कपाटातून चपट्या बाटल्या काढायच्या, जुनं गुलाबी पोषक पाणी नळीने ओढून टाकायचं, नवं पाजायचं, परत ठेवायच्या. पेशींना ना रविवार कळतो ना पाजणारीचं दुखणं. बावीस वर्षांत मावशीचे गुडघे कामातून गेले होते. कुणी "सुट्टी घ्या" म्हटलं की ती म्हणे, "घेते की! यांना न्या दोन दिवस तुमच्या घरी."

त्या कपाटात दोन खणांत तिची थोरली बहीण होती. ताईला जाऊन अठरा वर्षं झाली. जाण्याआधी तिने सही करून दोन तुकडे दिले होते, एक पोटातल्या गाठीचा आणि एक दंडावरच्या धडधाकट कातडीचा. "कुणाच्या तरी उपयोगी पडू देत," एवढंच म्हणाली होती.

गाठीच्या पेशी तेव्हापासून वाढतच होत्या. एरवी पेशी बिघडली की गुपचूप स्वतःला संपवते, शरीराची ती रीतच आहे. या मेल्या मरायचंच विसरल्या होत्या. मावशी एक दिवसाआड त्यांना पाजायची आणि मनातल्या मनात शिव्या घालायची. कातडीच्या पेशींचं तसं नव्हतं. पन्नासेक वेळा दुभंगल्या की त्या थांबतात. लगेच मरत नाहीत, म्हाताऱ्या होऊन नुसत्या पसरून बसतात आणि शेजारणींनाही बसवतात. म्हणून त्या गोठवून, पुरवून पुरवून वापरल्या होत्या. शेवटची कुपी मावशीने भाचीसाठी वितळवली.

भाची म्हणजे ताईची मुलगी. आई गेली तेव्हा दोन वर्षांची होती, आता कॉलेजात. "फोटो पाहून पाहून कंटाळले गं," ती म्हणाली होती. "मला आईचं काहीतरी जिवंत बघायचंय." परीक्षा संपली की शनिवारी ये, असं मावशीने कबूल केलं.

कुपीतल्या पेशी तिने दोन बाटल्यांत घातल्या. आठवडा झाला तरी वाढीचं नाव नाही. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मग एक बाटली अशी काही भरायला लागली की हिचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने लगेच भाचीला फोन लावला. "तुझी आई जोरात आहे बरं का!"

गुरुवारी तिने सूक्ष्मदर्शकाखाली ती बाटली नीट पाहिली. कातडीच्या पेशी शेजारीण लागली की थांबतात. या गोल, बुटक्या, एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. मावशी त्यांना अठरा वर्षं ओळखत होती.

आधी कातडी, मग गाठ, आणि प्रत्येकीचं पाणी वेगळं, हा नियम तिनेच घातलेला. दोन आठवड्यांपूर्वी पाय सुजले होते, उठबस नको म्हणून तिने हाताशी आलेली गाठीची बाटली आधी घेतली आणि तीच नळी कातडीच्या एका बाटलीत बुडवली. एक थेंब पुरला. डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी "पाय कसे आहेत?" एवढंच विचारलं. तेच तिला जास्त लागलं. भाचीला मात्र फोन करायचा धीर झाला नाही.

शनिवारी ती पोर नवा ड्रेस घालून आली. मावशी काही बोलायच्या आत तिने भरलेल्या बाटलीवर रोखलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "किती आहेत गं! आई अजून वाढतेय, मावशी!" तिचे डोळे भरून आले.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. पण मावशी इतकी थकली होती की खोटं बोलणंसुद्धा तिला जड झालं.

"बाळा, ही तुझी आई नाही," ती म्हणाली. "तिला ज्याने नेलं ते आहे हे. माझ्या हातून मिसळलं."

पोरीने भिंगावरून डोळा काढला. मग म्हणाली, "आणि आईची?"

मावशीने दुसरी बाटली भिंगाखाली ठेवली. पातळ, रुंद, पसरलेल्या थोड्या पेशी. ना हालचाल, ना वाढ.

"या काहीच करत नाहीत."

"दमल्यात. जिवंत आहेत, पण आता वाढायच्या नाहीत. पाजत राहिले तर आणखी काही महिने निघतील."

"तू पाजणार? या पायांनी?" भाचीने तिच्या सुजलेल्या घोट्यांकडे पाहिलं. "नको मावशी. पाहिली मी. पुरे आता."

मावशीला आधी राग आला. मग रडू आलं. आणि खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. गाठीने बळकावलेली बाटली तिने ब्लीच ओतून एका झटक्यात संपवली. दुसरीचं झाकण मात्र तिच्याच्याने उघडवेना. ते भाचीने उघडलं.