सुई वहिनीला, गुंगी मला

आधीच सांगते, अंगात येणं, उतारा, करणी यातलं काहीच आमच्या घरात कधी चाललं नाही. मी स्वतः अशा गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवायचे. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहत होतो. आई, दादा, वहिनी आणि मी. मी एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वहिनी हेंद्रेपाड्याची. शांत, हसरी. पण बाळंतपणानंतर तिची झोपच उडाली. भिंतीशी बोलायची, जेवायची नाही. एके दिवशी दुपारी आईने पाहिलं, तर वहिनी तान्ह्या बाळाला पाण्याच्या पिंपात सोडत होती. आई किंचाळली. वहिनी म्हणाली, "आई, त्याच्या अंगाला आग लागलीय, दिसत नाही का तुम्हाला?"

बाळ वाचलं. दादा आणि मी तिला तशीच रिक्षात घालून उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या वेड्यांच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेलो.

दादाने विचारलं, "डॉक्टरसाब, भरती के लिए कोर्ट का कागज वगैरे लगता है ना?"

"अरे, वो सब बाद में. आप पती हो, आपने बोला, बस हो गया."

वहिनीला कोणी काही विचारलं नाही. सुई बघताच ती ओरडायला लागली, "नको! मला नको! मी वेडी नाहीये!" दोन आयांनी हात दाबले, दादाने खांदे, मी पाय. ती माझ्याकडेच बघत होती. सुई तिच्या दंडात गेली...

आणि माझी जीभ जड झाली.

आधी वाटलं, रडू येतंय. पण जीभ तोंडात मावेना. मान आपोआप मागे ओढली गेली, जबडा एका बाजूला वळला, डोळे वर छताकडे गेले ते खाली येईचनात. ऐकू सगळं येत होतं — पण शब्द एक फुटेना. इतकी घाबरले होते मी, वाटलं आता श्वासही बंद होणार.

डॉक्टर धावत आले. त्यांचा आवाज बदललेला होता. "इसको किसने सुई दी? ये तो उसी दवाई का असर है!"

"कोणीच नाही, साहेब," आया म्हणाली.

त्यांनी माझे दोन्ही दंड तपासले. मग उतारा म्हणून मला दुसरी सुई दिली. मला "थांबा" म्हणायचं होतं... म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मी मेल्यासारखी झोपले. वहिनी मात्र टक्क जागी होती. तिच्यावर औषधाचा काहीही परिणाम झाला नव्हता.

"घाबरल्यामुळे झालं," डॉक्टरांनी सांगितलं. मीही तेच धरून चालले. दोन दिवसांनी ऑफिसला गेले. जेवणाची सुट्टी संपली होती, टाइपरायटरवर कागद चढवत होते, आणि मान पुन्हा मागे गेली. तीच जीभ, तेच डोळे. ऑफिसातल्या बायकांनी मला घरी आणलं. संध्याकाळी दादा दवाखान्यातून आला. मला बघून दारातच थबकला. म्हणाला, "दुपारी तिला पुन्हा टोचलं गं. जेवणानंतर. चौघांनी धरून."

त्या वेळी मी घरी नव्हते, दवाखान्यातही नव्हते. मला कोणी काही कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा हात धरून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांना म्हटलं, "पुढची सुई तिला विचारल्याशिवाय देऊ नका. मी पाया पडते." ते चिडले, मग त्यांनी माझ्या वाकड्या मानेकडे पाहिलं. वहिनीसमोर स्टूल घेऊन बसले. "बेटी, दवा लोगी?"

वहिनीने आधी आयांकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोळी द्या. माझ्या हातात द्या. धरू नका."

तिने पाण्याबरोबर गोळी घेतली. मी खाटेचा दांडा घट्ट धरून उभी राहिले, आता होतंय की मग... काहीच झालं नाही. थोड्या वेळाने वहिनीचे डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी ती झोपली.

गोळ्यांनी ती हळूहळू बरी झाली. पुढे मानसिक रुग्णांसाठी नवा कायदा आला, तेव्हा मी एका वकिलाला मुद्दाम विचारलं. भरती करण्याचे नियम त्यांनी नीट समजावले. "पण आत गेल्यावर माणूस सुईला नको म्हणू शकतो का?" यावर ते कायद्याचं पुस्तक पुन्हा चाळायला लागले. एका ओळखीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून "हिस्टेरिया" म्हटलं. असेलही. पण त्या औषधाने मान अशी वळते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. जे कधी पाहिलं नाही, त्याचं सोंग शरीर कसं घेईल?

वहिनीशी या विषयावर मी एकदाच बोलले. भाजी निवडत होतो. तिने मान वर न करता सांगितलं, "वन्सं, मी तर ओरडत होते. तुम्हीच माझ्या कानात म्हणालात ना — माझ्याकडे दे."

मी त्या वेळी एक शब्दही बोलले नव्हते.