यानकाकांची काळी दोन

"दादा, सिडनीच्या या क्वेकर्स हिलमध्ये एवढी मराठी मंडळी आहेत, आणि तुला दोस्त म्हणून हा पंच्याहत्तरीचा बेल्जियमचा म्हाताराच सापडला?"

मी किती वेळा विचारलं. दादा नुसता हसायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो शिफ्टवरच कोसळला, गेला. आता भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पितो, दादाचा नि त्या म्हाताऱ्याचा, यानकाकांचा, एक किस्सा सांगतो आणि जातो. किस्से साठत चाललेत. मी दमलोय.

*

यानकाका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, स्वतःचं संगीतही लिहितात. त्यांना मदतनीस हवा होता. दादा म्हणाला, "येस, आय प्ले ऑर्गन!" डोक्यात आमच्या बाबांची नाटकातली पायपेटी. बाकावर बसला आणि हवा भरायला दोन्ही पायांनी दणादण पट्ट्या दाबल्या. पण इथे पायांतसुद्धा सूर! अख्खं चर्च गडगडलं. फुलं लावणाऱ्या बाईंच्या हातातला फ्लॉवरपॉट फुटला.

काका शांतपणे म्हणाले, "मेट, माझ्या पहिल्या रचनेपेक्षा बरं आहे."

*

काकांचे वडील गावच्या चर्चचे ऑर्गनवाले. एका रविवारी ते आजारी पडले, म्हणून नऊ वर्षांचे काका बसले. पाय पोचेनात. मग वडिलांचे लाकडी बूट चढवले. सुरांपेक्षा बुटांचाच आवाज जास्त!

पाद्री ओरडले, "आत घोडा कुणी आणला?"

*

"तुम्ही डच का?" वहिनीने पहिल्याच भेटीत विचारलं.

"बेल्जियमचा फ्लेमिश. भाषा डचच, म्हणून डच म्हणालात तर माफ करीन. फ्रेंच म्हणालात तर वाजवणार नाही!"

सिडनीत तीन महिन्यांसाठी आले, त्याला चाळीस वर्षं झाली. वहिनीने विचारलं, परत का नाही गेलात?

"अजून बॅगाच उघडतोय."

*

ट्यूनिंगला काका ऑर्गनच्या उभ्या पाइपांच्या गर्दीत शिरायचे. दादा बाहेर पट्टी दाबून तिचं नाव ओरडायचा, तेही आपल्या पद्धतीने. "काळी दोन!" वर्षभरात काकाही तसंच बोलायला लागले. एकदा गाणाऱ्यांना म्हणाले, "काळी दोनपासून सुरू करा." वीस गोरे एकमेकांकडे बघत राहिले.

मागून दादा म्हणाला, "नो वरीज! डी शार्प!"

*

दादासाठी चर्चमध्ये ठेवलेल्या प्रार्थनासभेला काकांनी नवी रचना लिहिली. वर नाव, 'काळी दोन'. पानं उलटायला मला बोलावलं.

"काका, मी आठवी नापास. मला हे वाचता येत नाही."

"मी मान हलवली की उलट. चर्चमध्ये याहून सोपं काम नाही."

खाली वहिनी बसली होती. काकांनी मान हलवली, मी पान उलटलं. हलवली, उलटलं. पुढे शेवटचं एकच पान उरलं. काकांची नजर खालच्या ओळीपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली. तेच सूर पुन्हा. मान हलली नाही. तिसऱ्यांदाही तेच.

"काका?" मी हळूच म्हटलं.

ते वाजवतच राहिले.

मग मी हात पुढे केला आणि पान उलटलं.