बारशाआधी गेलेली

नर्सबाई सुरय्या चिडली की तिचा आवाज भंडारदऱ्याच्या धरणापर्यंत जायचा. एकाहत्तर साली साऱ्या जिल्ह्याला जन्म-मृत्यूचा एकाच नमुन्याचा छापील तक्ता आला, तेव्हा ती आमच्या गावावर अशीच चिडली. रिकामे पाळणे तिला दिसत होते, पण मृत्यू सांगताना तान्ह्या मुलाचं नाव कुणीच काढत नव्हतं. बारशाआधी गेलेलं मूल आमच्याकडे मोजतच नसत.

सरपंच सहादेवतात्या तिला म्हणाले, "नर्सबाई, नावच ठिवलं न्हाई, तर लिवणार काय?"

"आईचं नाव लिहीन!" ती कडाडली. "इथं मुलं मरतात हे वर कळलंच नाही, तर औषध मागू कुणासाठी?"

मग ती घरोघर फिरली. बाया दार लावून घ्यायच्या आणि ही उंबऱ्यावर ठाण मांडून बसायची.

एका दुपारी म्हातारी आक्काबाई आपणहून दवाखान्यात आली. तक्ता फक्त त्याच सालचा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाई, माजी बी लिवा," ती म्हणाली. "मुलगी हुती."

सुरय्यानं तक्ता बाजूला सारला आणि कोरा कागद पुढं ओढला.

"आईचं नाव सांगा, आजी."